वाचक विचारतात : ऑनर्सचं चौथं वर्ष नव्याने कसं आखायचं?

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी अकोला जिल्ह्यात तालुक्याच्या एका कॉलेजात बीएस्सीला केमिस्ट्री शिकवतो. ऑनर्सचं, म्हणजे तीन वर्षांच्या डिग्रीनंतरचं, चौथं वर्ष नव्याने आखायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर टाकलंय. मीटिंगमध्ये जो तो वाढवायचंच सुचवतो, म्हणजे दोन जास्तीचे कोर्स घ्या, दर महिन्याला नागपूर-पुण्याचा पाहुणा बोलवा, ऑनर्सच्या पोरांना वेगळा ब्लेझर द्या. पोरं आहेत अकरा, त्यातली आठ एसटीने येणं-जाणं करतात. त्यात रिसर्चला ७५ टक्क्यांची अट. सुरुवात कुठून करू तेच समजून नाही राहिलं.

उत्तर : सर, सुरुवात चौथ्या वर्षापासून करूच नका, सेकंड इयरपासून करा.

आपल्या हातात काय आहे ते आधी बघू. पेपर आणि सिलॅबस युनिव्हर्सिटीचं बोर्ड ऑफ स्टडीज ठरवतं, संलग्न कॉलेजला तिथे फारसा वाव नाही. पण फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (बाहेर प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणि चौथ्या वर्षाचा रिसर्च प्रोजेक्ट, या तिन्हींत पोरगं नेमकं काय करणार हे बरंचसं आपणच ठरवतो. आणि आत्ता होतं काय, सेकंड इयरला झाडं लावल्याचे फोटो चिकटवून फाईल जमा, ओजेटीला ओळखीच्या दुकानातून सर्टिफिकेट, आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट अंगावर आला की पोरगं मोबाईलवर विषय शोधत बसतं. तीन फायली, एकीचा दुसरीशी काही संबंध नाही. मी स्वतः अशा कितीतरी फायलींवर सह्या केल्यात, त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमचं खरं काम हे तिन्ही एकाच प्रश्नाला बांधणं आहे, आणि तो प्रश्न पोराच्या गावातलाच असू द्या.

तुम्ही तर पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या पट्ट्यात बसलाय सर, विषय दाराशी आहे. सेकंड इयरला फक्त नोंदी घ्यायला लावा. गावातल्या वीस विहिरी-हातपंप धरा, खोली किती, पाणी प्यायला का ओलिताला, मे महिन्यात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती आणि दिवाळीनंतर त्याच विहिरीचा किती. टीडीएस मीटर काहीशे रुपयांत येतो, फक्त दरवेळी कॅलिब्रेट करायची सवय लावा नाहीतर दोन वर्षांचे आकडे वाया. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला ५०० मिलिग्रॅम सांगतं, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं, हे पोराला माहीत असलं की आकड्याला अर्थ येतो. ओजेटी माती-पाणी तपासणीच्या लॅबमध्ये लावा. आणि चौथ्या वर्षी खरा प्रश्न, याच पाण्याने ओलीत केलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, का होते. कॅल्शियम-मॅग्नेशियम ईडीटीए टायट्रेशनने आपल्याच लॅबमध्ये निघतं, सोडियमला फ्लेम फोटोमीटर लागतो, तो नसेल तर अकोल्याला कृषी विद्यापीठात विनंती करून बघा, पत्र घेऊन स्वतः जा, मेलवर काम होत नाही. तिन्ही हाती आले की एसएआर, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, ते काढता येतं. असा पोरगा व्हायवाला उभा राहिला की त्याला पाठ करावं लागत नाही हो, त्याच्याच वावराची गोष्ट असते ती.

बीए-बीकॉमवाल्यांनाही हेच लागू. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता, गावात खेडा खरेदीवाल्याने काय दिला, कट्टी किती कापली, वेचणीचा दर किलोला काय पडला, हे एका गावाचं तीन हंगाम लिहून काढलं तर इकॉनॉमिक्सचा प्रोजेक्ट उभा राहतो. मराठीच्या पोरीला बैलबंडीच्या एकेका भागाची वऱ्हाडी नावं गोळा करू द्या, ती सांगणारी म्हातारी माणसं आहेत तोवर.

७५ टक्क्यांचं म्हणाल तर ती अट पहिल्या सहा सेमिस्टरच्या मार्कांवर आहे आणि फक्त रिसर्चवाल्या ऑनर्सला आहे, ती आपण बदलू शकत नाही. पण सेकंड इयरचं काम सगळ्यांना खुलं ठेवा. वेचणीच्या दिवसांत महिनाभर कॉलेज बुडालेल्या पोरीचे मार्क ६८ वर अडकतात, डोकं नाही अडकत, आणि तिला वेळेत हात दिला तर तीच पुढे ७५ ओलांडते, हे मी पाहिलंय. ज्यांचं नाहीच झालं त्यांना प्रोजेक्टऐवजी पेपर घेऊन साधं ऑनर्स करता येतं, हे त्यांना आधीच सांगा, निकालाच्या दिवशी नाही.

गाइड द्यायच्या वेळी एक सांभाळा. सीएचबीवरचे, म्हणजे तासिका तत्त्वावरचे सर फार जीव लावून शिकवतात पण पुढच्या वर्षी ते असतील का हे त्यांनाही माहीत नसतं. म्हणून प्रत्येक पोराला दोघे द्या, त्यातले एक कायम. आणि ऑनर्सचं सगळं काम दुपारी चारच्या आत संपवा, शेवटची बस चुकलेल्या पोरीला घरचे दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. पाहुणे वर्षातून दोन पुरे. ब्लेझरचे पैसे केमिकल्सना लावा.

आणि युनिव्हर्सिटीच्या व्हायवाच्या आधी एक व्हायवा गावातच घ्या, ग्रामपंचायतीत, ज्यांच्या विहिरी मोजल्या त्यांच्यासमोर. माझ्या एका विद्यार्थ्याला तिथे एका आजोबांनी विचारलं, "बाप्पा, माह्या विहिरीचं पाणी हरभऱ्याले चालते का नाई ते सांग", आणि पोरगं गप्प. परत जाऊन त्याने पूर्ण एक प्रकरण नव्याने लिहिलं, प्रोजेक्टमधलं तेच सगळ्यात चांगलं झालं.

प्रश्न : ताई, आम्ही दारव्ह्याकडचे, पाच एकर कोरडवाहू. पोरगी बीए थर्ड इयरला आहे, मार्क चांगले आहेत. तिसऱ्या वर्षीच डिग्री मिळते म्हणतात तर मग चौथं वर्ष काऊन करावं?

उत्तर : भाऊ, बरोबर ऐकलंत, तीन वर्षांवर डिग्री मिळते. तिला पुढे एमए करायचं असेल तर हिशोब सारखाच पडतो, तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, दोन्हीकडे पाचच वर्षं. फरक पीएचडीचा आहे, चार वर्षांच्या डिग्रीला ७५ टक्के असले तर एमए न करताही पीएचडीला अर्ज करता येतो, राखीव प्रवर्गाला त्यात सूट आहे. बीएड करून शाळेत लागायचं पक्कं असेल तर तिसऱ्या वर्षावर थांबलं तरी काही बिघडत नाही. पण ते तिलाच विचारा, शेजाऱ्याला नको. आणि चौथं करायचं ठरलं तर तिच्या कॉलेजात तिच्याच विषयाला चौथ्या वर्षाची मान्यता आहे का हे सहाव्या सेमिस्टरच्या आधी ऑफिसात जाऊन विचारून घ्या, नसेल तर दुसरं कॉलेज, होस्टेल, पास, सगळं जमवायला वेळ लागतो.