आरपीएमचा काटा कुठे होता ते आधी सांगा

प्रश्न असा आहे: पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर. चालता चालता ओढायची थांबते, दोन-चार झटके देते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी सुरू होते. आठवड्यातून एखाद-दोनदा होतं. स्कॅनरवर एकही कोड नाही. गॅरेजवाले फ्युएल पंप बदलू म्हणतात, घरचे म्हणतात क्लचवर तुझं लक्ष नसतं. पंप बदलू का?

पंपाचं नंतर बघू. "क्लचवर लक्ष नसतं" हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले, कारण हेच वाक्य मी सात महिने ऐकलंय. माझ्याकडे घरचे म्हणजे धाकटे दीर. "वहिनी, तुम्ही क्लच एकदम सोडता." मी चौदा वर्षं गाडी चालवतेय. क्लच चुकला की गाडी जागची हलताना बंद पडते. दुसऱ्या गिअरमध्ये, तीसच्या वेगाला धावत असलेली गाडी क्लच सोडल्याने झटका देईल, बंद पडणार नाही. उलट चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतील. हे मी भाऊजींना तीनदा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा ते हसले.

माझी गाडी अशी होती: सकाळी व्यवस्थित, साधारण अर्ध्या तासाने कुठेतरी गचकन बंद. मी बाजूला घ्यायचे, भाऊजींना फोन लावायचे, ते म्हणायचे "थंड होऊ द्या जरा." पंधरा मिनिटं बसायचे, मग एका सेल्फमध्ये सुरू. गॅरेजमध्ये नेली की दिवसभर उभ्या उभ्या चालू, शहाण्यासारखी. पहिल्या फेरीत प्लग आणि कॉइल बदलले. दुसऱ्या फेरीत फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ केली. तिसऱ्या फेरीत पंप. प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस गाडी नीट चालायची, प्रत्येक वेळी "झालं बघा" म्हणून सगळे मोकळे व्हायचे. मधूनमधून होणाऱ्या बिघाडात हाच फसवा भाग असतो. आठवड्यातून एकदा बंद पडणारी गाडी काहीही न करतासुद्धा सहा दिवस नीटच चालते, त्यामुळे आदल्या दिवशी जो पार्ट बदलला त्याला श्रेय जातं.

पंपानंतरही बंद पडली तेव्हा मी एक वही केली. तारीख, किती वेळ चालवली, पेट्रोल किती, बाहेर ऊन होतं का, एसी चालू होता का. भाऊजींनी वहीला "वहिनींची रोजनिशी" असं नाव दिलं.

आणि मग एकदा ते नजरेला पडलं. चढ होता, दुसरा गिअर, पाय ॲक्सिलरेटरवर. आवाज गेला. स्पीडोमीटर पंचवीस दाखवत होता, गिअर अजून पडलेलाच, मीटरवरचे दिवे जळत होते, आणि आरपीएमचा काटा (इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय ते दाखवणारा) सरळ शून्यावर. हळूहळू उतरला नाही, पडला. मी दोन सेकंद त्याच्याकडेच बघत राहिले (हे करू नका, रस्त्याकडे बघा).

गिअर पडलेला आणि क्लच सोडलेला असताना इंजिन मेलं तरी चाकं त्याला फिरवत असतात. पेट्रोल कमी पडून मेलं तर काटा गाडीच्या वेगाबरोबर खाली येतो. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावर आहे याचा अर्थ गाडीतल्या संगणकाला ते फिरणं दिसतच नाहीये. बहुतेक गाड्यांत तो काटा क्रँक सेन्सरच्या सिग्नलवर चालतो. क्रँक म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा, त्याच्यावरच्या दातेरी चक्राचे दात हा सेन्सर मोजतो. बऱ्याच इंजिनांत साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात, त्या फटीवरून संगणकाला इंजिन कुठल्या स्थितीत आहे ते कळतं. हा सिग्नल गेला की संगणक स्पार्क थांबवतो, इंजेक्टर थांबवतो आणि क्षणभरात पंपाला वीज देणारा रिलेही सोडतो. म्हणून अशा वेळी कुणी "पंप चालत नाहीये" म्हणालं तर ते खरंही असतं, आणि तरी पंप चांगला असतो. कोड का नाही? सिग्नल थांबणं आणि इंजिन थांबणं संगणकाला बऱ्याचदा सारखंच दिसतं. क्रँक सेन्सरचा कोड, पी ०३३५, दिसला तर नशीब समजा, नाही दिसला म्हणून सेन्सर निर्दोष होत नाही. आणि तिन्ही फेऱ्यांत मीटरकडे काय दिसतं हे मला एकाही माणसाने विचारलं नव्हतं. क्लच कसा सोडता हे मात्र सगळ्यांनी विचारलं.

मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं, क्रँक सेन्सर बदला. गरम झाल्यावर आतली गुंडाळी तुटते, थंड झाल्यावर जुळते, अर्ध्या तासाने बंद, पंधरा मिनिटांनी सुरू, सगळं बसतं. जुना सेन्सर मल्टिमीटरवर ठीक दाखवत होता, पण थंड असताना ठीक दाखवणारच, असं मी ऐटीत सांगितलं. सेन्सर बदलला. भाऊजींना फोन करून कळवलंसुद्धा.

अकराव्या दिवशी त्याच चढावर बंद पडली. काटा शून्यावर.

तो आठवडा कसा गेला ते लिहीत नाही. शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनकडे गेले. त्याने वही शेवटपर्यंत वाचली (भाऊजींनी एक पानही वाचलं नव्हतं) आणि दोन प्रश्न विचारले. "बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारून पाहिलात का?" आणि "रस्ता कुठेच लिहिला नाहीत?"

लगेच सेल्फ मी कधीच मारला नव्हता. थंड होऊ द्या, असं फोनवर सांगितलं जायचं आणि मी बसून राहायचे. म्हणजे पंधरा मिनिटं गाडीला लागत होती की मला, हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि अर्धा तास? घरातून निघाल्यावर चढ लागायलाच अर्धा तास लागतो. मी वेळ लिहीत होते, रस्ता नाही, आणि वेळेवरून उष्णता असा निष्कर्ष काढून बसले होते.

त्याने चाकांना ओंडके लावले, मला आत बसवलं, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक घट्ट दाबलेला, पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायला सांगितला. स्वतः बाजूला उभा, समोर कुणालाही उभं राहू दिलं नाही. इंजिन ताण घेऊन मागे कललं आणि काटा पडला. बोनेटखाली, इंजिन ज्यांवर बसवलेलं असतं त्यातल्या एका माउंटिंगचं रबर गेलेलं होतं, त्यामुळे इंजिन जरा जास्तच डोलत होतं, आणि क्रँक सेन्सरची वायर दर वेळी एका ब्रॅकेटवर घासत होती. वरची नळी सोलल्यावर आत तांबं उघडं आणि हिरवट पडलेलं. ताण गेला की वायर पुन्हा जागेवर, गाडी पुन्हा शहाणी. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत हे सात वर्षांतही दिसलं नसतं. वायरचा तो तुकडा बदलला, माउंटिंग बदललं, त्याला आता दोन वर्षं झाली.

तर तुमचा प्रश्न. आता वाचताना लक्षात येतंय की तुमची गाडी आधी ओढायची थांबते आणि मग झटके देऊन बंद पडते. माझी दिवा मालवावा तशी जायची. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दम सोडत सोडत मरणारी गाडी बहुधा पेट्रोल कमी पडल्याचं सांगत असते, त्यामुळे तुमच्या गॅरेजवाल्यांचा अंदाज बरोबरही असू शकतो. पण अंदाजावर पंप बदलू नका, कारण तो मोजता येतो. फ्युएल प्रेशरचा गेज लावून गाडी चालवायला सांगा, उभी ठेवून नाही. साध्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत तीन ते चार बार असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. दम जातो त्या क्षणी प्रेशर पडलं तर मग पंपाच्या कनेक्टरवर चालू स्थितीत व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट जरी कमी मिळत असेल तरी आधी रिले, वायर आणि अर्थिंग बघा, पंप बिचारा उपाशी असतो. प्रेशर ठाम राहिलं तर पंपाचा विषय संपला. याशिवाय एक फुकटची तपासणी: बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढली गेली आणि नंतर गाडी चांगली चालली तर टाकीचा श्वास कोंडलाय. पेट्रोल भरल्यावरच त्रास होत असेल तर पर्ज व्हॉल्व्हकडे (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) बघा. फक्त सिग्नलला उभी असताना बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडी. स्कॅनरवाल्याला कोड नका विचारू, फ्युएल ट्रिम विचारा, म्हणजे संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा. भार आल्यावर तो अधिकच्या बाजूला वाढत गेला तर इंजिन पेट्रोल मागतंय आणि मिळत नाहीये. आणि बॅटरी काढून "रिसेट" कुणालाही करू देऊ नका, होता नव्हता तो पुरावा जातो.

वही मात्र कराच, आणि त्यात रस्ता, गिअर आणि काटा हे तीन रकाने हवेत. मीटरच सगळं विझत असेल तर इग्निशन स्विच किंवा बॅटरीचं टर्मिनल. आणि लगेच सेल्फ मारून बघा, सुरक्षित जागी गाडी बाजूला घेतल्यावर. लगेच सुरू झाली तर उष्णतेची गोष्ट विसरा.

चालू रस्त्यात इंजिन गेलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबा आणि किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ऑटोमॅटिक गाडीत काट्याची युक्ती इतकी भरवशाची नाही, तिथे इंजिन चाकांनी फिरत राहीलच असं नाही. डिझेलची गोष्ट वेगळी, तिथे आधी फिल्टर आणि लाइनमध्ये शिरलेली हवा. आणि आठवड्यातून दोनदा बंद पडत असेल तर कारण सापडेपर्यंत हमरस्त्यावर नेऊ नका, हे खरं तर मी सर्वांत आधी लिहायला हवं होतं.

क्लचचं राहिलं. वायरमनने सांगितलं की क्लच पकडताना इंजिन सगळ्यात जास्त कलतं, म्हणून ती वायर बहुतेक वेळा चढावर गिअर बदलल्यावरच तुटायची. हे त्याने भाऊजींसमोर सांगायला नको होतं. गेली दोन वर्षं ते सगळ्यांना सांगतात, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, क्लच सोडण्यात काहीतरी आहे." वही मी अजून ठेवलीये. मागच्या महिन्यात त्यांची गाडी चढावर बंद पडली, त्यांनी मला फोन केला, आणि मी म्हटलं, थंड होऊ द्या जरा.