आयर्लंडमध्ये एकच दिवस: ब्लार्नी की कोव्ह?

प्रश्न: मे महिन्यात मी आणि आई ब्रिटन-आयर्लंडच्या क्रूझवर जात आहोत. आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. बोट कोव्ह बंदरात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबेल. एजंट म्हणतो, ब्लार्नी किल्ल्याची बससहल घ्या, गावात काही नाही. खरं आहे का?

उत्तर: अजिबात खरं नाही. सहल घेऊ नका, दिवसभर गावातच राहा.

पहिल्या खेपेला मीही ब्लार्नीला गेले होते. तिथल्या प्रसिद्ध दगडाचं चुंबन घ्यायला शंभराहून जास्त पायऱ्यांचा अरुंद गोल जिना चढायचा आणि वर पाठीवर आडवं होऊन डोकं मागे झुकवायचं. तुमच्या आईंना ते झेपणार नाही. माझी सकाळ रांगेत गेली. संध्याकाळी बोट सुटताना डेकवरून कोव्ह दिसलं, टेकडीवर चढत गेलेली रंगीत घरं आणि माथ्यावर कॅथेड्रल, आणि फार हळहळ वाटली. चार वर्षांनी पुन्हा गेले, ती फक्त या गावासाठी.

बोट थेट धक्क्याला लागते. शेजारीच रेल्वे स्टेशन, आणि त्याच जुन्या इमारतीत हेरिटेज सेंटर. सुरुवात तिथूनच करा. १८४८ ते १९५० या काळात आयर्लंड सोडून गेलेल्या साठ लाखांपैकी सुमारे पंचवीस लाख माणसं या एका बंदरातून गेली. निघण्याच्या आदल्या रात्री घरात 'अमेरिकन वेक' व्हायचा. वेक म्हणजे मृताजवळ रात्रभर बसणं. इथे माणूस जिवंत असायचा, पण परत दिसणार नाही हे घरच्यांना माहीत असायचं. बाहेर अ‍ॅनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड उघडलं, तेव्हा तिथे नोंद झालेली पहिली स्थलांतरित हीच. त्या पुतळ्याजवळून मला लवकर निघवेना.

तिथून किनाऱ्यालगत सपाट रस्ता आहे, आई सहज चालतील. टायटॅनिक ज्या कंपनीची होती, त्या व्हाइट स्टार लाइनच्या जुन्या कचेरीत आता त्या बोटीचं प्रदर्शन आहे. तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. ११ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बंदराच्या तोंडाशी थांबली आणि इथून १२३ प्रवासी छोट्या बोटींतून तिच्यावर गेले. प्रदर्शनाच्या तुमच्या तिकिटावर त्यांतल्याच एकाचं नाव असतं, आणि ते वाचले की नाही हे शेवटी कळतं. मला तिसऱ्या वर्गातली एक मुलगी मिळाली होती. ती वाचली नव्हती. मागच्या बाजूला ते प्रवासी जिथून निघाले त्या धक्क्याचे कुजत चाललेले लाकडी खांब अजून पाण्यात उभे आहेत, तेवढे नक्की बघा.

पुढे केसमेंट स्क्वेअरमध्ये लुसिटानिया या प्रवासी जहाजाचं स्मारक आहे. ७ मे १९१५ ला पाणबुडीच्या टॉर्पेडोने ती बुडाली, तेव्हा वाचलेले आणि मेलेले दोन्ही याच गावात आणले गेले. गावाबाहेरच्या ओल्ड चर्च दफनभूमीत त्यांच्या सामूहिक कबरी आहेत. आपल्याला हे परकं वाटू नये. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' याच देशाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, ३२९ जण गेले. सापडलेले मृतदेह इथून जवळच्या कॉर्क शहरात आणले होते. त्यांचं स्मारक अहाकिस्तात आहे, पण तेवढं अंतर तुमच्या दिवसात बसणार नाही.

सेंट कोलमन कॅथेड्रलला मात्र चालत जाऊ नका, चढ फार उभा आहे. टॅक्सीने वर जा. मनोऱ्यात ४९ घंटांचा संच आहे. 'डेक ऑफ कार्ड्स' म्हणतात ती उतारावरची घरंही तिथून जवळच आहेत. जेवणाचं फार शोधू नका, किनाऱ्यावर कुठेही गरम सूप आणि सोडा ब्रेड मिळतो.

दोन गोष्टी आधी करा. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही आणि ब्रिटनचा आपोआप चालेल असं धरू नका, क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. आणि थोडे युरो जवळ ठेवा, इथे पाउंड हे चलन नाही.

बोटीवर परतायच्या वेळेआधी तासभर धक्क्याजवळच्या बाकावर बसा. समोर स्पाइक बेट दिसतं, आणि आईंच्या गुडघ्यांना विश्रांती मिळते.