ॲसिडिटी असणाऱ्यांनी दुधी भोपळा खावा का?

हो, खुशाल खा. दुधीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, स्निग्धांश जवळजवळ नाहीच आणि तो आंबटही नाही. त्यामुळे घशाशी येणाऱ्यांना तो सहसा सोसतो. बिघडतं ते फोडणीत. भरपूर तेल, लसूण, लाल तिखट आणि टोमॅटो घातलात तर बिचाऱ्या दुधीला दोष कशाला? तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहतं, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप सैल पडते आणि आंबट पाणी वर येतं. चमचाभर तेलात जिरं-हिंग, भिजवलेली मूगडाळ, मीठ, वरून कोथिंबीर. एवढ्यावर भाजी छान होते. कोफ्ते मात्र विसरा.

सकाळी अनशापोटी दुधीचा रस पिण्याचं जे फॅड आहे, ते मला पटत नाही, कारण दुधी कडू निघाला तर तो विषारी असतो. भाजीसाठीसुद्धा आधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. ते विष शिजवूनही जात नाही. उलट्या-जुलाब, कधी रक्ताची उलटीसुद्धा होते.

रात्री जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका. घास अडकत असेल किंवा वजन आपोआप उतरत असेल, तर थेट डॉक्टर गाठा.