चिमणीपेक्षा लहान, लालभडक... हा कोण?

प्रश्न: मी बडोद्याला मांजलपूरमध्ये राहते. सोसायटीच्या मागे रिकामा प्लॉट आहे, पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत माजतं. गेल्या आठवड्यात त्यात चिमणीपेक्षाही लहान असा लालभडक पक्षी दिसला, अंगावर पांढरे ठिपके, आणि सोबत पाचसहा मातकट रंगाचे. शेजारच्या काकी म्हणतात कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला फॉरेनचा पक्षी असणार. खरं का? दिवाळीआधी प्लॉट साफ करायचं ठरलंय म्हणून लवकर सांगा.

उत्तर: ताई, काकींना सांगा, हा अगदी आपल्याकडचाच, लाल मुनिया! सोबतचे मातकट म्हणजे माद्या आणि पिल्लं, आता दिसले तर चोच बघा, मादीची चोच लाल असते आणि शेपटीच्या वर पाठीलाही लाल रंग असतो, पिल्लाची चोच काळपट. नराचा हा लाल रंग फक्त विणीच्या दिवसांपुरता, नंतर तोही मादीसारखाच मातकट होतो, त्यामुळे उन्हाळ्यात तोच पक्षी समोर बसला तरी ओळखू येत नाही.

आणि फॉरेनचं म्हणाल तर उलटंच झालंय, पूर्वी पिंजऱ्यात पाळायला हे पक्षी अहमदाबादहून बाहेरच्या देशात जायचे, त्यावरूनच इंग्रजीत याला अवदवत म्हणतात, शास्त्रीय नावही अमंडवा अमंडवा, म्हणजे अहमदाबादच! बाजारात कुणी मुनिया विकताना दिसलं तर प्लीज घेऊ नका, साध्या मुनियांना रंग फासूनही विकतात, आणि आपले रानपक्षी पकडणं-विकणं कायद्याने गुन्हा आहे.

वढवाणा तलावाकडे जाताना रस्त्याकडेच्या गवतात मी यांना खूप वेळ बघितलंय. नर बारीक काडीवर येऊन बसतो, जेमतेम दहा सेंटीमीटरचा जीव, तरी काडी वाकून पार खाली येते, पण हा पाय सोडत नाही, तसाच आडवा लटकून तुऱ्यातलं एकेक बी सोलून खातो.

आता प्लॉटचं. यांचं घरटं गवताचाच गोल गोळा असतो, जमिनीपासून थोडंसंच वर, आत चार ते सहा पांढरी अंडी, आणि वीण पावसाळ्यात सुरू होऊन थंडीपर्यंतही चालते, म्हणजे दिवाळीआधी गवत कापलं तर पिल्लांसकट जाईल हो. कमिटीला एवढंच सांगून बघा की रस्त्याकडचं कापा, मागच्या भिंतीलगतचं तुरे झडून गवत वाळेपर्यंत ठेवा. कापायच्या आधी सकाळी अर्धा तास लांबून बघा, चोचीत गवताची काडी घेऊन कुणी एकाच जागी परत परत आत शिरत असेल तर तिथेच घरटं समजा.