ऐन मे महिन्यात पिल्लू आणलंस म्हणून

भाऊ, पिल्लू आणलंस, झकास! महिना तेवढा चुकला. आपल्या जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या घरात जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच ते अंग थंड करतं. फिरवायचं ते उजाडताना, नाहीतर रात्री. डांबरावर हात पाच-सात सेकंद टेकवून बघ. टेकवत नसेल, तर त्याचे तळवेही भाजणारच. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत ठेव.

दूध-भाकरी थोडी चालेल, पण नुसत्या त्यावर वाढवू नकोस. अंडं, उकडलेलं चिकन दे. शेवभाजीचा रस्सा मात्र बोटभरही नको. कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाहुणे लाडाने घालतात, त्यांना तोंडावर नाही म्हण.

आता लसी. सहा-आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरचे (पिल्लांचे जीवघेणे साथीचे आजार) डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीज. आमच्या मोत्याचा एक डोस कापूस वेचणीच्या गडबडीत राहिला. चूक माझीच. पार्वो झाला, तेव्हा माठाखालच्या ओल्या मातीत हनुवटी टेकून पडायचा. हाक मारली की फक्त शेपटीचं टोक हलायचं. चौथ्या दिवशी तेही थांबलं. गोठ्यातली म्हैस कितीतरी दिवस त्या कोपऱ्याकडे मान वळवून बघत होती. (बायको म्हणते, तुलाच तसं वाटायचं.)

आणि हो, खेळताना दात लागला, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धू आणि त्याच दिवशी दवाखाना गाठ. हळद-चुना लावत बसू नकोस.