व्हायवॅक्स मलेरिया पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांना सहसा का होत नाही?

कारण तिथल्या बहुतेकांच्या लाल रक्तपेशींवर 'डफी' नावाचं रिसेप्टरच (परजीवी जिथे पकड घेतो ते प्रोटीन) नसतं, आणि व्हायवॅक्स या मलेरियाच्या परजीवीला पेशीत शिरायला मुख्यतः तेच लागतं. परजीवी आधी पेशीला नुसता चिकटतो, मग वळून आपलं टोकदार तोंड तिच्याकडे करतो, मग त्याचं प्रोटीन डफीला घट्ट धरतं आणि तिथून तो पेशीचं आवरण आत ढकलत मिनिटभरात आत जातो. माकडांच्या नोलेसी नावाच्या मलेरिया परजीवीवर हे मायक्रोस्कोपखाली बघितलंय, डफी नसलेल्या पेशीला तो चिकटतो, वळतोसुद्धा, पण घट्ट पकड काही बसत नाही, म्हणजे दारापर्यंत येऊन अडकतो बिचारा. माणसांबाबत म्हणाल तर 1976 मध्ये मलेरिया संशोधक लुई मिलर यांच्या टीमने, ज्या स्वयंसेवकांना व्हायवॅक्स असलेले डास चावू दिले होते त्यांच्या रक्तात डफी आहे का ते तपासलं (आज असा प्रयोग करायचा म्हटलं तर किती परवानग्या लागतील!), त्यात डफी नसलेल्यांना मलेरिया झाला नाही. फक्त हे शंभर टक्के कवच समजू नका, मादागास्कर आणि इथिओपियात डफी नसलेल्यांमध्येही व्हायवॅक्स सापडलाय. आणि मलेरियाचा दुसरा परजीवी फॅल्सिपेरम, त्याला डफीशी काही देणंघेणं नाही, तो लाल पेशीवरचं बॅसिजिन नावाचं वेगळं रिसेप्टर वापरतो, त्यामुळे आफ्रिकेत त्याचा धुमाकूळ चालूच आहे.