शेजारचं बाळ सहाव्या दिवशी घरी गेलं, मग आमचं का नाही?

हा प्रश्न मला वॉर्डात जवळपास रोज कुणी ना कुणी विचारतंच. लहान मुलांच्या हार्ट सर्जरीच्या युनिटमध्ये मी समुपदेशक आहे, आणि आज एका आईबद्दल सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय).

बाळ ८ महिन्यांचं. टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसाकडे रक्त नेणारी वाट अरुंद. ऑपरेशनआधी सांगितलं होतं, "साधारण ७ ते १० दिवस." ती माझ्याकडे आली तेव्हा तेरावा दिवस होता. हातात छोटी डायरी, त्यात १ ते १० आकडे, रोज एक खोडलेला, आणि १० नंतर पान कोरं. सासूबाईंचा रोज संध्याकाळी फोन, कधी सोडणार, आणि हिच्याकडे उत्तर नाही.

"मॅडम, काहीतरी लपवतायत आमच्यापासून."

मी म्हटलं, ताई, शेजारच्या बाळाचं वरच्या कप्प्यांमधलं भोक तेवढं बुजवायचं होतं. छातीवरचा टाका सगळ्यांचा सारखाच दिसतो हो, आतलं काम सारखं नसतं. नवजात बाळाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल केली तर दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि ज्यांच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांपैकी एकच पंपासारखा नीट चालतो अशा बाळांच्या पहिल्या ऑपरेशननंतर तर महिना उलटून जातो. तिनं मान हलवली, पण पटलेलं काही दिसलं नाही. मग बराच वेळ गप्प बसली आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "मी दूध पाजलं म्हणून झालं का हे?"

तेव्हा कुठे मला खरं दुखणं कळलं.

झालं असं होतं की छातीतल्या ड्रेनमधून, म्हणजे आत साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतून, आधी लालसर, मग पिवळट पाणी येत होतं, कमीही होत चाललेलं, आणि बाळ नीट दूध प्यायला लागल्यावर दोन दिवसांत ते पांढरं झालं, अगदी दुधासारखं. नर्स दर ड्युटीला ड्रेनच्या डब्यावर पट्टी चिकटवून वेळ लिहायच्या आणि ही त्या पट्ट्या मोजत बसायची. पाजलेलं दूध छातीत उतरलं असंच तिला वाटत होतं. हे ती नवऱ्यालाही बोलली नव्हती.

मी डॉक्टर नाही, म्हणून ज्युनिअर डॉक्टरांना तिच्यासमोरच बोलावलं. त्यांनी सांगितलं की याला कायलोथोरॅक्स म्हणतात, जेवणातली चरबी रक्तात नेणारी एक बारीक नळी छातीतून जाते, ऑपरेशननंतर कधीकधी ती किंवा तिचे फाटे गळतात, आईच्या दुधातल्या चरबीनं पाणी पांढरं दिसतं इतकंच, दोष दुधाचा नाही आणि आईचा तर नाहीच. काही आठवडे वेगळ्या चरबीचं खास दूध द्यायचं, बहुतेक वेळा गळती थांबते. तोवर आपलं दूध पंपानं काढून साठवा, आटू देऊ नका.

खरं सांगायचं तर यात आमचीही चूक असते. आम्ही "७ ते १०" अंदाजानं म्हणतो आणि आईबाप ते तारखेसारखं ऐकतात. म्हणून मी तिला आकड्यांचं पान सोडून नव्या पानावर काय काय राहिलंय ते लिहायला लावलं: ड्रेन निघणं, ऑक्सिजनशिवाय राहणं, तोंडानं पुरेसं दूध आणि वजन, ताप नसणं, हृदयाभोवती पाणी नाही ना ते बघायला शेवटची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सासूबाईंनाही आता हेच सांगायचं, "ऑक्सिजन निघाला, ड्रेन राहिलाय."

चोविसाव्या दिवशी सुट्टी झाली. निघताना बाबांनी सवयीनं बाळाच्या काखेत हात घातले तर ही केवढ्यानं ओरडली, "अहो, मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घाला, छातीचं हाड जुळायचंय अजून, सहा-आठ आठवडे!" बाळ मात्र हसत होतं.